आत कोणी आहे का

बाबांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाल्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हा फेब्रुवारीत त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बालीगंजच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत ते पडून असत. डोळे उघडे, पण ओळख नाही. आई त्यांना चमच्याने पेज भरवायची आणि भरवताना बोलत राहायची: बाजारात पडवळ महागलंय, आज उकडतंय फार.

त्या मे महिन्यात मामा अमेरिकेहून आला. दादासाठी त्याने एक पुस्तिका आणि विचित्र आकाराचे फासे आणले होते. खेळ तोंडीच खेळायचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि संकट आलं की फासे टाकायचे. गोष्ट दादा सांगायचा, हिंदीत. मी वैद्य, आणि वरच्या मजल्यावरची माझी बंगाली मैत्रीण योद्धा. बाबा आजारी पडल्यापासून दादा घरात जेमतेम बोलायचा. या खेळात मात्र तासन्‌तास बोलायचा. म्हणून मला तो खेळ फार आवडायचा.

एका दुपारी वीज गेलेली होती. दादाच्या गोष्टीत मांत्रिकाने स्मशानातली प्रेतं उठवली आणि ती आमच्यावर चालून आली. मैत्रिणीने तलवार उपसायला नकार दिला. यांना आत्मा आहे का, ते आधी सांग, म्हणाली. असेल तर मारणं पाप. दादाने पुस्तिका चाळली. त्यांना बुद्धी नाही, भीती नाही, एवढंच तिथे लिहिलेलं. तिचं समाधान होईना. शेवटी तो वैतागून हिंदी सोडून मराठीवर आला.

"त्यांना काही कळत नाही," तो म्हणाला. "हात हलतात, डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं."

आई पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. मैत्रिणीला मराठी कळत नव्हतं, पण आमचे चेहरे पाहून तिने हातातले फासे खाली ठेवले. आई रागावली नाही. तिने वाटी दादासमोर धरली.

"आज तू भरव," ती म्हणाली.

दादा आत गेला. बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज येत होता. मग तो अडखळत बाबांना काहीतरी सांगू लागला, बहुधा त्याच्या कॉलेजबद्दल. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पेजेने माखलेला होता आणि डोळे सुजले होते. त्याने फासे गोळा केले. तो खेळ आम्ही पुन्हा कधी खेळलो नाही. रोज सकाळी बाबांची दाढी मात्र तो करू लागला.

कार्तिकात बाबा गेले. तेरावं झाल्यावर मी आईला विचारलं, त्यांना तुझं बोलणं कळत होतं का गं?

"कोण जाणे," ती म्हणाली. "मला बोलावंसं वाटायचं."

महिन्याभरात आम्ही सामान बांधून नागपूरला परतलो. आई बोलली, दादाही उशिरा का होईना बोलला. मी त्या नऊ महिन्यांत बाबांशी एक वाक्यही बोलले नाही. खोलीत जायचे, उशाशी पाणी ठेवायचे, त्यांची नजर टाळून बाहेर यायचे. मला भीती वाटायची. ते मला ओळखणार नाहीत याची, की ओळखतील याची, हे मला आजही सांगता येत नाही.