नारळी पौर्णिमेपासूनचं वर्ष

सुकटीचा वास आला की मला रत्नागिरीच्या मासळी खात्यातला माझा लांबलचक तक्ता आठवतो, कारण हर्णे बंदरावरून येणाऱ्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांनाही तोच वास असायचा. ऐंशीच्या दशकात मी तिथे कारकून होते. हर्णेला बर्फाचा कारखाना द्यायचा की नाही, ते ठरवायला मुंबईचे साहेब येणार होते. भिंतीवर तीन आलेख हवे होते, म्हणून हेडक्लार्कना तीन तक्ते हवे होते. मी एकच केला. एका ओळीत एक बंदर, एक महिना, एक मासळी आणि तिचं वजन; ओळी हव्या तशा लावल्या की हवा तो आलेख निघायचा. "अगो, केवढा हा पसारा," ते म्हणाले. साहेबांनी जानेवारी ते डिसेंबरचा आलेख पाहिला आणि मधल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "ऐन मध्यावर मासळीच नाही, मग कारखाना कशाला?" मी म्हटलं, "पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, साहेब. इथलं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं. जेवून या, नवा आलेख लावते." ओळी तयारच होत्या. त्या ऑगस्टपासून मांडल्या आणि मे महिन्यापर्यंत सलग डोंगर उभा राहिला. कारखाना मंजूर झाला. परवा सून लॅपटॉपवर शेतकऱ्यांच्या भातविक्रीचा जानेवारी ते डिसेंबरचा आलेख काढताना कुरकुरत होती, मधेच खड्डा पडतोय म्हणून. मी एवढंच विचारलं, "तुझ्या लोकांचं वर्ष कधी सुरू होतं?"