रबराचा जिताडा

बहिणीच्या नवऱ्याने दुबईहून बाबांसाठी रबराच्या माशांचं पाकीट आणलं. गळाला लावायचे मऊ, बोटभर मासे. कोपरच्या खाडीत जन्मभर जिवंत कोळंबी लावून जिताडा धरणारे बाबा आधी हसलेच. पण कोळंबी आता मिळतच नव्हती. कारखान्यांनी खाडीचं पाणी काळं करून टाकलेलं.

मग बाबा निवडायला बसले. बादलीत खाडीचंच पाणी घेऊन एकेक मासा दोरीने ओढून पाहिला. बारीक शेपटीचे बाजूला काढले.

“या पान्यात जिताड्याला दिसनार काय? शेपूट रुंद पायजे. पानी हाललं का तो येतोच.”

शेवटी रुंद शेपटीचा एक पांढरा ठरला.

माझं डोकं फिरायचं. खाडीत मासाच नाही तर शेपटी कसली निवडता! पण आमच्याकडे हंगामातला पहिला जिताडा लेकीच्या घरी जातो, आणि बहीण टिटवाळ्याला वाट बघत होती. बाबा रोज भरतीला गळ टाकत राहिले. रबरावर साधा ओरखडा उमटला नाही.

हंगाम सरल्यावर आम्ही टिटवाळ्याला गेलो. बाबांनी पिशवीतून तोच पांढरा मासा काढून नातवाच्या हातात दिला. पोराने तो नळाच्या स्वच्छ पाण्यात सोडून ओढला.

“आजोबा, जिवंत आहे!”

शेपटी खरंच सुरेख हलत होती. बाबा बघत राहिले. आत ओट्यावर बहिणीने कालवणाचं वाटण करून ठेवलेलं.