आशाताईच्या पोटाची पैज

आंबी गावात कुणाची कंबर किती, हे शिंप्याला विचाराल तर फसाल. ते माहीत माधवी ओव्हाळला. माधवी गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्याची कामं घेऊन दारोदार हिंडणारी बाई. तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, कंबरेचा घेर लिहायचा आणि बीपी-शुगर तपासायला माणसाला उपकेंद्रात धाडायचं, हे तिचं काम. पर्समधून टेप काढली रे काढली, की बायकांची जी काय धांदल उडायची! एक पदर घट्ट खोचून घ्यायची, दुसरी पोट आत ओढून पोलीसभरतीला आल्यागत ताठ उभी राहायची. मग माधवी म्हणायची, "श्वास सोडा मावशी. फोटो नाही काढत मी."

आणि एवढ्या गावात न भरलेला फॉर्म एकच होता, तिचा स्वतःचा. का, ते तिला बघितलं की कळायचं. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र माणसाच्या आधी दारात शिरणारं. वय अडतीस, लेक नववीत, तरी एसटीत कुणीतरी उठायचंच, "बसा ताई, अवघडलेल्या दिसताय." पहिल्यांदा ती घरी येऊन ढसाढसा रडली. पुढं पुढं खुशाल बसायला लागली. मिळतेय जागा, सोडा कशाला?

पीसीओडीचं दुखणं लग्नाआधीपासूनचं. पाळी तीन-तीन महिने गायब, हनुवटीवर चार केस, आणि हे पोट. बिचारीनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? लिंबू-मध झालं, जिऱ्याचं पाणी झालं. एकदा टीव्हीवर बघून थरथरणारा पट्टा मागवला. तो बांधला की पोट जागच्या जागी आणि दात वाजायचे. मग उपाशी राहून बघितलं. पंधरा दिवस कळ काढायची आणि सोळाव्या दिवशी इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात नि सुकट पुढ्यात आली, की सगळं मुसळ केरात.

तर अशी ही माधवी, गौरी-गणपती झाल्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांचे फॉर्म भरत बसली होती. तिथं विठाबाई आली. विठाबाई म्हणजे चार म्हशींची मालकीण, वय साठ, तोंडानं फटकळ. पायाच्या अंगठ्याला महिनाभर जखम, बरी व्हायचं नाव नाही. तहान एवढी, की बसल्या बसल्या तांब्या रिकामा. माधवीच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, ही शुगर असणार. चला, तपासून घेऊ. नुसतं बोटाला टोचायचं, बास."

विठाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि नजर मध्येच थांबली. "माधवे, तू आमाला सांगती हे खाऊ नगा, ते खाऊ नगा. आन् तुजं पोट तर माज्या म्हशीवानी! आदी त्ये चार बोटं उतरव, मग येती मी. न्हाई तर न्हाई."

बायका खो-खो हसल्या. माधवीचे कान तापले. आता गप्प बसावं की नाही? पण नाही! ती तिरीमिरीत बोलून गेली, "उतरवते! भातकापणीच्या आत. सगळ्यांदेखत मोजा."

कैलास, तिचा नवरा, गावाजवळच्याच एका कंपनीत कामाला. तो संध्याकाळी म्हणाला, "अगं, पंधरा वर्षांत जे हललं नाही ते दोन महिन्यांत हलेल?"

"हलायलाच पाहिजे."

"आणि नाही हललं तर?"

"तर मावशीचा पाय जाईल," माधवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वडगावच्या सरकारी दवाखान्यात गेली. आजवर शेकडो बायकांना घेऊन गेली होती. स्वतःचा केसपेपर पहिल्यांदा काढला. डॉक्टर तरुण मुलगी. तिनं तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, या आजारात पोट फार हट्टी असतं. ते सगळ्यात शेवटी उतरतं. उपाशी राहाल तर आणखीच अडून बसेल." ताटात आधी उसळ, अंडं, भाजी आणि शेवटी वाटीभर भात. रोज भरभर चालायचं, दिवसाआड थोडं वजन उचलायचं, वेळेवर झोपायचं. बास, एवढंच. भात सुटणार नाही म्हटल्यावर माधवीला त्या पोरीचा मुकाच घ्यावासा वाटला.

आता वजनं आणायची कुठून? तिनं पाण्याचे दोन कॅन भरले आणि दोन हातांत घेऊन सकाळी नदीच्या पुलापर्यंत ये-जा सुरू केली. जाणारा-येणारा विचारायचा, "ताई, तुमच्या नळाला पाणी न्हाई का?" कैलास बरोबर चालायचा, पण चार पावलं मागं, ओळख नसल्यासारखा. आठवड्यानं त्यानंच एक कॅन उचलला.

आणि काय सांगू, तिला मजा यायला लागली! झोप गाढ लागू लागली, जिन्यावर धाप लागेना. दुसऱ्या महिन्यात तर पाळी तारखेला आली. कितीतरी वर्षांनी, अगदी कॅलेंडर बघून! लॉटरी लागल्यासारखी ती नाचत स्वयंपाकघरात आली. कैलासला नेमकं काय झालंय ते कळलं नाही, पण तिला एवढं खूश बघून त्यानं त्या दिवशी भांडी घासली.

पोट मात्र मुंगीच्या पावलानं चाललं होतं. अठ्ठ्याण्णव होतं, त्याचं चौऱ्याण्णव झालं. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर, आणि उतरले चारच. तिकडं विठाबाईच्या अंगठ्यावरची हळदीची चिंधी मोठी मोठी होत चाललेली. माधवी दर दोन दिवसांनी गोठ्यात जाऊन विनवायची, "मावशी, पैज राहू द्या, आधी चला." एकच उत्तर, "पैज म्हंजे पैज." शेवटी शेवटी तर म्हातारी लंगडायला लागली.

मोजायचा दिवस आला. ओटा बायकांनी भरून गेला. टेप धरली विठाबाईच्या सुनेनं, तेजलनं. आणि दहा वर्षं गावाला खरी कंबर सांगणाऱ्या माधवीनं आयुष्यात पहिल्यांदा पोट आत ओढलं. असं ओढलं की बरगड्या दिसाव्यात.

"एक्क्याण्णव!" तेजल ओरडली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

विठाबाई लंगडत पुढं आली. "माधवे, श्वास सोड."

सोडला. सोडणार नाही तर करणार काय? तेजल हळूच म्हणाली, "चौऱ्याण्णव."

हशा पिकला. पण माधवीला हसू येईना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यापाठोपाठ रागही. "हो, चोरलं पोट! हरले मी! हे पोट जन्मभर असंच राहिलं तरी चालेल मला. पण तुमचा पाय कापलेला मला बघवणार न्हाई, मावशी. ऐकताय का? मला बघवणार न्हाई!"

विठाबाई तिच्याकडं बघत राहिली. कुणी आपल्यासाठी असं चारचौघांत रडेल, हे म्हातारीच्या हिशेबातच नव्हतं.

"माज्यापायी लबाडी केलीस व्हय?" ती पुटपुटली. मग सुनेवर खेकसली, "बगती काय तेजल? रिक्षा बोलीव. वडगावला जायचंय."

शुगर चारशेच्या घरात निघाली. डॉक्टरनं जखम धुतली, औषधं सुरू केली. म्हणाली, "आणखी आठवडा गेला असता तर अंगठा काढावा लागला असता, आजी. आता वाचेल."

बाहेर बाकड्यावर विठाबाईनं औषधांची पिशवी मांडीवर घेतली. मग एकाएकी म्हातारीनं माधवीच्या पाठीत जोरदार धपाटा घातला.

"दोन म्हयनं कशापायी थांबलीस गं भवाने? मी येडी म्हातारी, बोलून जाती कायबी! फरफटत आनायचं व्हतंस मला!"

माधवीला जे हसू फुटलं ते आवरेचना. विठाबाईच्या गळ्यात पडून ती एवढी हसली, की आतून सिस्टर बघायला आल्या.