नववा होल आणि बोरीचा वारा

दर रविवारी सकाळी नऊ वाजता उकंडरावकाका अंगणात येत, खिशातून चिमूटभर कापूस काढत आणि हवेत सोडून देत. तो कुठे जातो ते डोळे बारीक करून बघत आणि हातातल्या फोनला सांगत, "सायेब, वारा समोरून हाये. पाच नंबर घ्या."

शाळेवर बदली होऊन मी बोरी अरबला आले तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच रविवारी हा प्रकार पाहिला आणि घरमालक थोडे सटकलेले आहेत, अशी मी मनाची समजूत करून घेतली. भाडं कमी होतं, त्यामुळे चालण्यासारखं होतं.

खरा प्रकार हळूहळू कळला. काका तरुणपणी गाव सोडून कोकणात, समुद्रकाठच्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागले. खेळणाऱ्याच्या स्टिकांची पिशवी खांद्यावर घ्यायची, त्याच्यामागून चालायचं, आणि विचारलं तर कुठली स्टिक घ्यायची ते सांगायचं, हे कॅडीचं काम. स्टिकेचा नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. काकांनी उभी हयात एकाच साहेबांची पिशवी वाहिली. पुढे साहेबांचे पाय गेले, ते पुण्याला मुलीकडे अंथरुणाला खिळले. काका बोरीला परतले. काकू आधीच वारल्या होत्या, मुलगा सुरतेला होता. आता दोघं म्हातारे दर रविवारी फोनवर तोंडीच खेळत. नऊ होलचं ते मैदान दोघांना पाठ होतं. फक्त वारा तेवढा बोरीचा असे. मे महिन्यातल्या आमच्या झळा साहेबांच्या समुद्रावरून वाहत.

काकांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे गोल्फची शिकवणी मलाही फुकटात मिळाली. "पयला होल सरळ दिसते म्हणून फसू नोका, उजवीकून वारा ढकलते," काका सांगत. "तिसऱ्यावर जोर लावू नोका. समोरून वारा असला का जोराचा चेंडू नुसता वर जाते. मोठी स्टिक घ्या अन् हळू मारा." सहाव्या होलची हिरवळ, म्हणजे भोकाभोवतीचं गवत, म्हणे दिसायला सपाट, पण चेंडू समुद्राकडेच वळतो. असं का, म्हणून मी विचारलं. "मले काय मालूम, मॅडम? म्या फक्त पाह्यलं."

साहेब स्टिक निवडत, मारला कसा तेही सांगत. चेंडू कुठे पडला, हे मात्र काकांनी सांगायचं. आणि या बाबतीत हा माणूस देवालाही सूट देणारा नव्हता. झाडीत गेला तर झाडीत, वाळूत गेला तर वाळूत.

नववा होल शेवटचा. मध्ये खाडीचं पाणी, पलीकडे हिरवळ. धडधाकट होते तेव्हाही साहेबांना ते पाणी एका फटक्यात कधी ओलांडता आलं नव्हतं, आणि तेवढी एकच हौस आता उरली होती. एका रविवारी कापूस उडून काकांच्याच छातीला चिकटला.

"समोरून हाये. पाच नंबर घ्या, सायेब."

"नाही. आज सातच. मारला बघ, अगदी झकास बसलाय."

काका बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाण्यात गेला."

"नीट बघ, उकंड."

"पाण्यातच हाये, सायेब."

मग साहेबांचा थकलेला आवाज आला, "आता तरी पलीकडे जाऊ द्यायचास रे," आणि फोन बंद झाला.

मी काकांवर उखडलेच. "तुमचं काय बिघडलं असतं हो? पलीकडे पडला म्हणाला असता तर?"

"त्यायले समजलं असतं," काका म्हणाले. "मंग आजवरचे सारेच चेंडू खोटे झाले असते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, स्टुलावरच्या फोनसमोर बसत. दारव्ह्याला पुतण्याचं लग्न होतं, रविवार म्हणून तिकडेही गेले नाहीत. दुपार झाली की उठून एकट्यापुरता भात टाकत. मला ते बघवत नसे.

"तुम्हीच लावा ना फोन," मी रोज म्हणायची.

"खेळणाऱ्यानं इचारावं, मंग कॅडीनं बोलावं. आपून सोताहून बोलू नाही, मॅडम."

"इथं कसलं आलंय मैदान?"

मी एकदा चिडून फोन हातात घेतला होता, पण त्यांनी असा चेहरा केला की मुकाट्याने परत ठेवला. तेव्हा लावायला हवा होता. त्याची चुटपुट मला अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका रविवारी फोन वाजला. काका धडपडत उठले. साहेबांची मुलगी बोलत होती. "काका, बाबा गेले. दीड महिना झाला. मला आधीच कळवायला हवं होतं, धीर झाला नाही." मग म्हणाली, "शेवटी त्यांची बोटं चालत नव्हती. मी म्हणायची, नंबर लावून देते. तर म्हणायचे नको, उकंड करेल. दर रविवारी नऊला उशाशी फोन ठेवून घ्यायचे."

काका फक्त "हो ताई" म्हणाले. फोन ठेवला. मी चहा करून आणला, तो तसाच गार झाला.

ते माझ्याकडे न बघता बोलले. "चेंडू पाण्यात गेला त खेळ संपत नाही, मॅडम. एक फटका दंड घ्या लागते अन् दुसरा चेंडू ठेवा लागते. बस, एवढंच. सायबाले मालूम होतं, मलेबी मालूम होतं."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"तरी दोघंबी फोन धरून बसून राह्यलो."