बाबारावांचा नांगर

नागपुरात सदर भागातल्या चहाटपरीवर पहिल्याच भेटीत बाबाराव काळमेघांनी मला उभ्या-उभ्या तीन महासागर पार करून दाखवले. नरखेडच्या या संत्रा बागायतदाराने तोवर विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं.

पुढे अंदमानात आम्ही शिडाची होडी भाड्याने घेतली. वाऱ्याच्या आडोशाच्या खाडीत मुक्काम होता. रात्रभर होडी जागची हलली नाही, तर उद्या सुकाणू बाबारावांच्या हाती, असं मालकाने कबूल केलं. दोर लांब असला तरच नांगर आडवा ओढला जाऊन तळात रुततो, म्हणून पाणी जितकं खोल, त्याच्या पाचपट दोर सोडा, असं बजावून तो किनाऱ्यावर गेला.

“बादली सोडाले कोणी एवढा दोर देते का गा?” असं मला विचारत या महामूर्खाने नांगर तळाला टेकताच दोर आवळून बांधला.

“ऐका नं जी त्याचं,” सोबत आलेल्या त्यांच्या बायको कुसुमताई म्हणाल्या.

“तू झोप वं!”

सकाळी होडी नांगरासकट किनाऱ्याकडे वाहत जाऊन वाळूत रुतलेली होती. बाबाराव दुपारच्या विमानाने नागपूरला परतले.