एका स्क्रूवरची पाटी

आमच्या आत्याला घरात सगळे ‘उलटतपासणी’ म्हणतात. तिच्यासमोर नुसतं खोकलं तरी ती विचारणार, कधीपासून, कशामुळे, आणि पुरावा काय? पेशाने ती वकील. कुठलाही खटला लढण्याआधी ती जेवणाच्या टेबलाशी आधी विरुद्ध बाजू मांडते, तीही जीव तोडून. आम्ही न्यायाधीश. विरुद्ध बाजू जिंकली की अशिलाला तोंडावर सांगते, "तडजोड करा, आपण हरतोय." अशाने कित्येक अशील गेले, पण आत्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आणि अशा बाईला सरकारने राज्याची महाधिवक्ता नेमलं! आम्हाला तर आनंदाने वेड लागायचीच पाळी आली. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, सुतारकामाचं दुकान कधी बंद ठेवत नाहीत. त्या दिवशी मात्र ठेवलं.

"पण हे पद असतं तरी काय?" त्यांनी विचारलं.

"सरकारचा सगळ्यात मोठा वकील," आत्या म्हणाली. "सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा, कोर्टात त्याची बाजू मांडायची. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची. विधानसभेत जाऊन बोलता येतं, फक्त मत देता येत नाही."

"म्हणजे या घरात माझं जे आहे तेच की! आणि मुदत?"

"मुदत नाही. राज्यपालांची, म्हणजे सरकारची मर्जी असेपर्यंत."

काकांनी लाकडाची देखणी पाटी केली, पण दाराला लावली एकाच स्क्रूवर. "तुझा स्वभाव मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "उतरवायला सोपी बरी." वारा आला की पाटी तिरकी व्हायची आणि आत्या येता-जाता ती सरळ करायची. पद तिला मनापासून हवं होतं, कशाला लपवू.

पहिलंच प्रकरण आलं भाजीवाल्यांचं. सरकारने त्यांना पुलाखालून हटवलं होतं, कोर्टाने ते बेकायदा ठरवलं होतं, आणि सरकारला आता अपील करायचं होतं. आत्याने टेबलाशी आधी भाजीवाल्यांची बाजू मांडली. मग सरकारची मांडायला लागली आणि मध्येच थांबली.

"साधी नोटीससुद्धा दिलेली नाही यांनी," ती म्हणाली.

काकांनी स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवला.

सकाळी आत्याने मुख्यमंत्र्यांना सांगून टाकलं, "अपील करू नका. आपण हरू, आणि हरायलाच हवं." घरी येऊन ती फोनशेजारी बसून राहिली. जेवलीही नाही. तिला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी फोन आला. आत्या नुसतं "हो, हो" करत होती. आणि आत्या लागोपाठ ‘हो’ कधी म्हणतच नाही. फोन ठेवला आणि ती हसतच सुटली.

"मुख्यमंत्री म्हणाले, नुसतं ‘हो’ म्हणणारं कुणी हवं असतं, तर माझा मेव्हणा होताच की! अपील होणार नाही. भाजीवाले उद्यापासून परत पुलाखाली!"

आम्ही घर डोक्यावर घेतलं. त्या गडबडीत काका स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराकडे निघाले. आत्या धावत त्यांच्या मागे गेली.

"अहो, आता कशाला उतरवताय?"

काकांना उत्तर देता येईना. दुसरा स्क्रू त्यांनी दातात धरला होता.