देवीचं निम्मं लुगडं

घसरलो तो देवीच्याच पायरीवर. नवरात्रात तिला माझ्या मागावरचं लुगडं वाहून परतताना उजव्या हातावर आपटलो. वडगावात तीस वर्षं मी देवीचं लुगडं स्वतः विणत आलोय, त्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. म्हणून राग आला तो तिचाच. जो हात तुझ्यासाठी राबतो तोच सापडला का तुला?

दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेच्या फोटोत काही दिसलं नाही. मुरगळलं असेल म्हणून पट्टी बांधली आणि आठवड्यात मागावर बसलो. धोटा फेकताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, तरी वर्षभर कुणाला बोललो नाही. विणकराची खुमखुमी, दुसरं काय! पुढच्या नवरात्राचं लुगडं निम्म्यावर आलं होतं, तेव्हा एकदा निपाणीहून बसनं येत होतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण मला फिरेना. शेजारी सदलग्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी बाटली घेऊन उघडून दिली आणि म्हणाल्या, "अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय न्हवं, अण्णा? माझ्या लेकाचं असंच झालतं. पयल्या फोटोत कायबी दिसलं न्हाय. परत फोटो काढा, आजच काढा."

का कोण जाणे, घरी न जाता मी सरळ दवाखाना गाठला. मनगटातलं एक बारकं हाड मोडलेलं होतं, त्याचा रक्तपुरवठा तुटून निम्मं हाड मेलं होतं. आणखी काही महिने काढले असते तर सगळं मनगट खचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करून त्यांनी माझ्याच हाताच्या हाडाचा जिवंत तुकडा तिथं बसवला. तीन महिने मागाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, आणि नवरात्र तर महिन्यावर आलेलं.

यंदा देवीला लुगडं नाही, असं मी घरात सांगून टाकलं. सून चिकोडीकडची, शेतकऱ्याच्या घरची. आमच्यात आल्यावर माग शिकलेली. ती म्हणाली, "आप्पा, देवी काय हात बघती व्हय? उरलेलं मी इनते, तुमी म्होरं बसा. चुकलं की वरडा." ओरडण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. पण दोन दिवसांतच ओरडायला जागा उरली नाही. काठ माझ्यापेक्षा सरळ येत होता, हे लिहायला आज लाज वाटत नाही. तीस वर्षं मी जिला सेवा म्हणत होतो, तिच्यात निम्मा माझा ताठाच होता. तो देवीनं काढून घेतला आणि त्या बदल्यात मला काय दिलं, हे समोर मागावर बसलेलं दिसत होतं.

घटस्थापनेला देवी ते लुगडं नेसली. प्लास्टरातला हात दुसऱ्या हाताला कसाबसा टेकवून मी नमस्कार केला, आणि डोळे भरून आले. प्रत्येक विणकराचा धागा बसवायचा ठोका वेगळा. मध्येच विणणारा बदलला की कापडात बारीक आडवी रेघ उमटते. इतरांना ती दिसत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या विणकरानं ती हेरलीच.

"अण्णा, हितं हात बदललाय न्हवं?"

गाभाऱ्यात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "व्हय! हितनं म्होरं माझ्या सुनंचा हाय."